तुम्ही विचारलंत म्हणून: अ‍ॅस्पिरिन नक्की कोणाचं?

फार्मसीची मुलं हटकून विचारतात: अ‍ॅस्पिरिनचा शोध फेलिक्स हॉफमनचा, की आर्थर आयशेनग्रूनचा? हे दोघे बायर या जर्मन औषधकंपनीतले रसायनशास्त्रज्ञ.

शोध म्हणजे पदार्थ पहिल्यांदा बनवणं असं धरलं, तर दोघंही बाद. शार्ल गेरहार्ट या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं तो १८५३ मध्येच बनवला होता, पण अशुद्ध. हॉफमन १८९४ मध्ये बायरमध्ये लागला. सॅलिसिलिक आम्ल सांधेदुखीवर चालायचं, पण पोट बिघडवायचं. १० ऑगस्ट १८९७ ला बायरच्या एल्बरफेल्डच्या प्रयोगशाळेत त्यानं ते शुद्ध अ‍ॅसिटाइल रूपात, म्हणजेच अ‍ॅस्पिरिनच्या रूपात, आणल्याची नोंद वहीत केली.

कृती त्याच्या १९०० च्या अमेरिकी पेटंटमध्येच आहे. ५० भाग सॅलिसिलिक आम्ल, ७५ भाग अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइड (आम्लाला अ‍ॅसिटाइल गट जोडणारं द्रव), वाफ थंड करून परत भांड्यात सोडणारा रिफ्लक्स कंडेन्सर लावून साधारण १५०° सेल्सियसला दोन तास. थंड झाल्यावर स्फटिक जमतात, ते दाबून उरलेलं अ‍ॅनहायड्राइड काढायचं, मग कोरड्या क्लोरोफॉर्ममधून पुन्हा स्फटिक पाडायचे.

आता कॉलेजची कृती बघा: १० ग्रॅम आम्ल, १५ ग्रॅम अ‍ॅनहायड्राइड, सल्फ्युरिक आम्लाचे पाच थेंब, ५०-६०° ला पंधरा मिनिटं. प्रमाण तेच, १ ला दीड! रेणूंच्या हिशेबात अ‍ॅनहायड्राइड दुप्पट पडतं. तापमान आणि वेळ उतरले ते फक्त सल्फ्युरिक आम्ल या उत्प्रेरकामुळे.

बिघडतं कुठे? बहुतेक वेळा पाण्यापाशी. फ्लास्क ओला असेल तर पाणी अ‍ॅनहायड्राइड खातं आणि सॅलिसिलिक आम्ल तसंच उरतं. स्फटिक पाडताना पाण्यात फार वेळ उकळलंत तर बनलेलं अ‍ॅस्पिरिनही फुटतं. हॉफमननं क्लोरोफॉर्म कोरडं घेतलं ते उगाच नव्हे. चिमूटभर नमुन्यावर फेरिक क्लोराइडचा एक थेंब टाका. जांभळा रंग आला तर सॅलिसिलिक आम्ल शिल्लक आहे. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या जुन्या गोळ्यांना व्हिनेगरचा वास येतो, तोही याच विघटनाचा.

त्याच ऑगस्ट १८९७ मध्ये हॉफमननं हेच अ‍ॅसिटिलेशन, म्हणजे अ‍ॅसिटाइल गट जोडणं, मॉर्फिनवरही केलं. ते हेरॉइन नावानं खोकल्यावर विकलं गेलं. तेही नवं नव्हतं, लंडनमध्ये १८७४ मध्ये बनून गेलं होतं. हा भाग त्याच्या कौतुकपर चरित्रांत एका ओळीत उरकतात.

राहिला आयशेनग्रून. त्याचं म्हणणं: काम माझ्या सांगण्यावरून झालं, हॉफमनला हेतूही ठाऊक नव्हता. बायरला हे मान्य नाही. मला विचाराल तर हात हॉफमनचे होते, एवढं वहीतून ठरतं. सांगणारा कोण, हे वहीतून ठरत नाही. वडिलांच्या संधिवातासाठी मुलानं औषध शोधल्याची गोड गोष्ट मात्र मी पुरावा धरत नाही. ती छापून आली १९३४ मध्ये, नाझी सत्तेत असताना, आणि आयशेनग्रून ज्यू होता. त्याला १९४४ मध्ये थेरेझिएनश्टाटच्या छळछावणीत धाडलं. तो वाचला, आणि १९४९ मध्ये त्यानं आपला दावा छापला. त्याच डिसेंबरात तो वारला. हॉफमन तोवर नव्हता. विक्री विभाग सांभाळून १९२८ मध्ये निवृत्त झालेला तो १९४६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये गेला होता.