काठीची होळी ‘बघायला’ जावे का?

होळीच्या महिनाभर आधी दादरला, मुलुंडला, कुठल्याही लग्नात मला एक प्रश्न हमखास विचारला जातो: ‘तुम्ही सातपुड्यातल्या आदिवासींच्या होळीला जाता ना? आम्ही गेलो तर चालेल का, आणि एका रात्रीत सगळे बघून होते का?’ पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. चालते, यात्रेत कोणी कोणाला अडवत नाही. दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र मला उभ्या उभ्या देता येत नाही.

काठी हे गाव नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, डोंगरात आहे. मुंबईहून सुरत-भुसावळ मार्गाने रेल्वेने नंदुरबारला उतरायचे, तिथून अक्कलकुवा आणि मग देवगोई घाट चढून मोलगीच्या बाजूला जायचे. त्या दिवसांत घाटात पळस फुललेला असतो. एके काळी संस्थान असलेल्या या गावाच्या होळीला ‘राजवाडी होळी’ म्हणतात आणि ती १२४६ पासून चालत आली आहे, असे तिथले लोक सांगतात. आपल्याकडे संध्याकाळी पेटणारी होळी तिथे पहाटे पेटते. उंच, सरळ बांबू हा तिचा दांडा. तो उभा करायचा खड्डा हत्यार न लावता हाताने उकरायचा, अशी रीत आहे. रात्रभर ढोल वाजत राहतात आणि मोरपिसांचे उंच टोप घातलेले, अंगावर राखेचे ठिपके आणि रेषा काढलेले, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरे बांधलेले बुध्ये नाचत राहतात.

मुंबईत ज्याचे फोटो पोहोचतात ती हीच रात्र आणि ‘बघून होते का’ हा प्रश्न तिच्यापुरताच असतो. पण बुध्या होणे म्हणजे वेश चढवणे नव्हे. ते व्रत आहे, त्याला ‘पाळणी’ म्हणतात. पाळणीच्या दिवसांत खाटेवर बसायचे नाही, जमिनीवर झोपायचे, पायात काही घालायचे नाही, ब्रह्मचर्य पाळायचे. ऊसतोडीला किंवा मजुरीला गुजरातेत गेलेली माणसेही होळीसाठी गावी परततात. तेव्हा आपण ज्याला कार्यक्रम समजून कॅमेरा रोखतो, तो कित्येक दिवस चाललेल्या एका नेमाचा शेवटाकडचा तुकडा असतो.

हे मला पहिल्या वर्षी कळले नव्हते. पहाटे तीनच्या सुमारास चहाच्या टपरीशी एक बुध्या खांबाला टेकून उभा दिसला. पाय धुळीने माखलेले, टोपाच्या वजनाने मान अवघडलेली. मी मोठ्या आस्थेने प्लॅस्टिकची खुर्ची त्याच्यापुढे सरकवली. तो ओशाळून हसला आणि म्हणाला, ‘नाही बाई. होळी झाल्यावर बसेन.’ टपरीवाल्याने खुर्ची मुकाट्याने मागे घेतली, आणि मी किती वेळ चहाच्या ग्लासातच बघत राहिले.

म्हणून विचारणाऱ्यांना मी सांगते की निदान दोन दिवस आधी पोहोचा आणि भोंगऱ्या बाजार करा. होळीच्या आधीच्या आठवडी बाजाराला तिथे भोंगऱ्या म्हणतात. डाळ्या, गूळ, खजूर, साखरेचे हार-कडे, नवे कपडे अशी सणाची खरेदी तिथे होते आणि ढोलही वाजतात. या बाजारात मुले-मुली एकमेकांना पसंत करून पळून जातात, ही गोष्ट बाहेरच्यांनी इतकी रंगवून सांगितली आहे की तिथल्या शिकलेल्या तरुणांना आता तिचा उबग आला आहे. कृपा करून ती विचारू नका. फोटो काढण्याआधी मात्र अवश्य विचारा. झगझगीत दिवा नाचणाऱ्याच्या तोंडावर मारू नका. रंग-गुलाल मुंबईतच ठेवून या. मोहाची दारू कोणी आपुलकीने पुढे केली तर नको म्हणायला हरकत नाही. चव घेऊन तोंड वाकडे करणे त्याहून वाईट. आणि राहण्याची सोय चांगली असेल, अशा समजुतीत निघू नका.

(ज्यांना एवढा प्रवास जमणार नाही ते मला वारल्यांचे फुंकून वाजवायचे वाद्य, तारपा, कुठे ऐकायला मिळेल, असे विचारतात. आरेतल्या वारली पाड्यांवरून रोज गाडीने जाणारी माणसे हे विचारतात, तेव्हा मला गंमत वाटते.)

त्या पहिल्या वर्षी उजाडता उजाडता होळी पेटली. आता तो बसला असेल, अशी मी मनाशी समजूत घातली. मग आम्ही जीपमध्ये दाटीवाटीने बसून घाटाकडे निघालो. पुढे रस्त्याच्या कडेने बुध्यांची एक रांग चालली होती, अनवाणी, टोप डोक्यावर तसेच. जीपवाल्याला विचारले तेव्हा तो म्हणाला की या डोंगरात गावोगावची होळी वेगवेगळ्या दिवशी असते आणि हे पुढच्या गावाला निघाले आहेत. रांगेत चौथा की पाचवा तोच होता. त्याने मला ओळखले, आणि बसल्याची खूण करून हसला.