तुम्ही विचारलंत म्हणून: माउस असताना एफटीपीच्या कमांड कशाला?

एफटीपी म्हणजे नेटवर्कवरून एका यंत्रातून दुसऱ्यात फाइल पाठवायची जुनी पद्धत. नवीन माणूस कामावर आला की आठवड्याभरात हा प्रश्न येतोच: "फाइलझिला हा एफटीपीचा प्रोग्राम फुकट मिळतो, फाइल इकडून उचलायची नि तिकडे सोडायची. तुम्ही अजून काळ्या खिडकीत टाइप का करत बसता?"

रोजच्या कामाला मीही फाइलझिलाच उघडते. पण डिव्हाइस नवीन असेल किंवा फाइल जाता जात नसेल, तर कमांड. प्रिंटर, मशीनचा कंट्रोलर, डेटा लॉगर अशा वस्तूंना धड स्क्रीन नसते. त्यांना काय खुपतंय हे कळायचा एकच मार्ग, तो म्हणजे त्यांचं उत्तर जसंच्या तसं वाचणं.

आणि एफटीपी उत्तरं देतं, तीही आकड्यांत. 'एफटीपी १९२.१६८.१.५०' (आकडे म्हणजे डिव्हाइसचा नेटवर्कवरचा पत्ता) असं टाइप केलं की समोरून २२० येतो: मी हजर आहे. नाव दिलं की ३३१, म्हणजे आता पासवर्ड द्या. तो जुळला की २३०, नाही तर ५३०. पहिला आकडा ओळखता आला तरी निम्मं काम होतं. २ म्हणजे झालं, ३ म्हणजे अजून काहीतरी द्या, ४ म्हणजे आत्ता जमत नाही, मागाहून बघा, आणि ५ म्हणजे असं चालणारच नाही. ५५० आला की केबल हलवत बसू नये; फोल्डरचं नाव चुकलंय किंवा तिथे लिहायची परवानगी नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी अडचण मात्र वेगळीच. लॉगिन झालं, 'सीडी' (फोल्डर बदला) चाललं, आणि 'एलएस' (फाइलची यादी द्या) म्हटलं की सगळं ठप्प. लोक लगेच डिव्हाइसला नावं ठेवतात. दोष बहुधा आपल्याच कॉम्प्युटरच्या फायरवॉलचा असतो. एफटीपी दोन वाटा वापरतं: पोर्ट २१ वरून बोलणं, आणि फाइल किंवा यादी न्यायला दरवेळी वेगळं कनेक्शन. अ‍ॅक्टिव्ह मोडमध्ये हे दुसरं कनेक्शन डिव्हाइस आपल्याकडे उघडायला येतं, आणि फायरवॉल त्याला दारातच अडवतं. पॅसिव्ह मोडमध्ये डिव्हाइस पोर्ट सांगतं आणि आपण तिथे जातो. ते सांगणं २२७ या उत्तरात येतं: (१९२,१६८,१,५०,१९५,८०). पहिले चार आकडे पत्त्याचे. पाचव्याला २५६ ने गुणून सहावा मिळवायचा: पोर्ट ५०,०००. विंडोजसोबत येणाऱ्या 'एफटीपी' कमांडला पॅसिव्ह मोड येतच नाही. 'कोट पासव्ह' (डिव्हाइसकडे थेट पॅसिव्ह मोड मागणं) टाइप केलं तर डिव्हाइस २२७ देतं खरं, पण कमांड आपली अ‍ॅक्टिव्हच राहते. अशा वेळी दुसरा क्लायंट, म्हणजे एफटीपी चालवणारा दुसरा प्रोग्राम घ्या, उगाच डोकं लावू नका.

'पुट'च्या (फाइल पाठवायच्या कमांडच्या) आधी 'बायनरी' टाइप करायचं, हे मी सगळ्यांना घोकायला लावते. अ‍ॅस्की मोड मजकुरासाठी आहे, तो वाटेत ओळींचे शेवट बदलतो. फर्मवेअरमध्ये, म्हणजे डिव्हाइसच्या आतल्या प्रोग्रामच्या फाइलमध्ये, १३ आणि १० हे बाइट शेजारी आले की त्याला ती ओळ संपल्याची खूण वाटते, आणि १३ गळून पडू शकतो. ट्रान्सफर नीट पार पडते, २२६ (पाठवून झालं) येतो, फाइल मात्र काही बाइटनी बारीक. म्हणून २२६ वर विसंबू नका. 'डिर' (आकारासकट यादी) करून दोन्हीकडचा आकार ताडून बघा.

काही डिव्हाइस फोल्डरवर डोळा ठेवून असतात. फाइल दिसली की लगेच वाचायला घेतात, अर्धी आली असली तरी. तिथे आधी 'जॉब.टीएमपी' नावाने पाठवायची आणि पूर्ण पोचल्यावर 'रीनेम' करायची.

"पण हे सुरक्षित आहे का?" नाही. पासवर्ड उघडा जातो, मध्ये बसलेला कोणीही वाचू शकतो. पद्धतच जुनी आहे. अभय भूषण यांनी एमआयटीत असताना एप्रिल १९७१ मध्ये एफटीपीचा पहिला आराखडा, आरएफसी ११४ (आरएफसी म्हणजे नेटवर्कच्या पद्धती मांडणारे क्रमांकित दस्तऐवज) लिहिला, तेव्हा आजचं इंटरनेट ज्यावर चालतं ते टीसीपी-आयपीसुद्धा यायचं होतं (इंटरनेटचं पूर्वरूप असलेलं अर्पानेट त्यावर गेलं १९८३ मध्ये), आणि आज चालतो तो आराखडा १९८५ च्या आरएफसी ९५९ चा. डिव्हाइसला एसएफटीपी (सगळं कुलूपबंद करून पाठवणारी पद्धत) येत असेल तर तेच वापरा. येत नसेल तर ते वेगळ्या नेटवर्कवर ठेवा, आणि पोर्ट २१ इंटरनेटकडे उघडा ठेवायचा विचारसुद्धा नको.

शेवटी 'बाय' टाइप करा, खिडकीच्या फुलीवर क्लिक करून मोकळे होऊ नका. लहान डिव्हाइस एका वेळी एक-दोनच लॉगिन घेतात. कनेक्शन अर्धवट लटकलं तर त्याचा टाइमआउट होईपर्यंत पुढच्या माणसाला ४२१ (आत्ता सेवा देता येत नाही) मिळत राहतो, आणि तो माझ्याकडे येऊन विचारतो, "डिव्हाइस बंद पडलंय का हो?"