अमिगा ५०० ला फ्लॉपी ड्राइव्ह शोधताना आलेला वैताग (माझा अनुभव)

"सगळे ड्राइव्ह सारखेच असतात हो साहेब." तापकीर गल्लीपासून लॅमिंग्टन रोडपर्यंत हे एवढ्या वेळा ऐकलंय की आता कुणी म्हणालं तर सरळ हात जोडणार आहे. नसतात सारखे. साडेतीन इंची, मागे ३४ पिन, दिसायला अगदी जुळे, पण अमिगाला (कमोडोर कंपनीचा ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर) लावलं की कळतं काय ते.

मशीन मामाचं, तो इंग्लंडला होता तेव्हाचं. आतला चिनॉन कंपनीचा ड्राइव्ह गेला आणि कमोडोर कंपनी तर १९९४ लाच बुडाली, म्हणजे नवीन पार्ट विसरा. युएसबी फ्लॉपी ड्राइव्हच्या नादी लागू नका. पीसी डिस्कच्या एका ट्रॅकवर (गोल रेघेवर) ९ सेक्टर (डेटाचे कप्पे) टाकतो म्हणून ७२० केबी, अमिगा त्याच डिस्कवर ११ कोंबतो म्हणून ८८०, आणि युएसबीवाल्याच्या चिपला पीसीचा फॉरमॅट सोडून काही कळत नाही. गोटेक नावाचा नकली फ्लॉपी ड्राइव्ह लाव, पेनड्राइव्हवरून चालव असं पण सगळे सांगतात, चांगलंच आहे ते, पण मला मामाच्या खऱ्या डिस्क चालवायच्या होत्या.

मग उरतो जुना पीसीचा ड्राइव्ह. पीसीवाले सगळे डीएस१ वर (ड्राइव्ह सिलेक्ट, म्हणजे ड्राइव्हचा नंबर) सेट असतात, ड्राइव्ह ए की बी ते केबलमधला पीळ ठरवतो. अमिगाच्या आतल्या ड्राइव्हला डीएस० लागतं, नाहीतर लाइटच लागत नाही. ते बदललं आणि वर्कबेंच (अमिगाचा डेस्कटॉप) चक्क बूट झालं! खूश. दुसरी डिस्क घातली तर स्क्रीनवर आयकॉन पहिल्याच डिस्कचा. काढा, घाला, ढिम्म. असं असताना चुकूनही काही सेव्ह करू नका, दुसऱ्या डिस्कची वाट लागेल. काही गेम तर काळ्या स्क्रीनवरच बसून राहायचे.

कारण असं की डिस्क बदलल्याचा सिग्नल अमिगा २ नंबर पिनवर बघतो आणि ३४ वर त्याला 'रेडी' (ड्राइव्ह तयार असल्याचा सिग्नल) पाहिजे असतं. पीसीचा ड्राइव्ह बदलल्याचा सिग्नल ३४ वर पाठवतो, रेडी देतच नाही. जुन्या काही ड्राइव्हच्या बोर्डावर आरवाय (रेडी) आणि डीसी (डिस्क चेंज) असे बारीक जंपर किंवा सोल्डरचे ठिपके असतात, तिथे काम होतं. नंतरच्या स्वस्त ड्राइव्हवर ते नसतातच.

आणि इथेच माझं सगळं अडलं, कारण ते ठिपके वरचं पत्र्याचं कव्हर काढल्याशिवाय दिसत नाहीत आणि दुकानदार कव्हर काढू देत नाहीत. एक म्हणाला, "खोललं की वॉरंटी जाते." अहो, धूळ पुसल्यावर पिवळं प्लास्टिक दिसतंय, कसली वॉरंटी! दुसऱ्याने गोडाउनमध्ये भरपूर माल आहे, उद्या या म्हणून सांगितलं, तो उद्या काही उजाडला नाही, फोन केला की "माणूस गावाला गेलाय". तिसऱ्याने आधी पैसे द्या मग घरी जाऊन काय खोलायचं ते खोला, परत घेणार नाही असं तोंडावर सांगितलं. घरात अशा निरुपयोगी ड्राइव्हची चळत लागली, बायको विचारायची हे विकायला ठेवलंय का.

शेवटी रविवारी जुन्या बाजारात एका काकांच्या ताडपत्रीवर मिळाला. मी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला (हा कायम जवळ ठेवाच), काका म्हणाले, "बघ की बाबा, खोलून बघ." आरवाय, डीसी, दोन्ही छापलेलं! भाव सुद्धा केला नाही मी.

घरी जंपर आरवायवर, २ नंबर पिनची मूळ ट्रेस (बोर्डावरची तांब्याची रेघ) ब्लेडने कापली, डीसीच्या ठिपक्यापासून २ ला एक बारीक वायर. डिस्क बदलली, आयकॉन बदलला. मामाला लगेच व्हिडिओ कॉल.

राहिलंच, जुनी डिस्क घालण्याआधी हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या, बुरशीची एक डिस्क गेली की हेड घाण होतं आणि पुढच्या डिस्कवर ओरखडे. एचडी (१.४४ एमबीवाल्या) डिस्कच्या भोकावर टेप लावून डीडी (अमिगाला लागते ती कमी क्षमतेची) म्हणून वापरता येते पण आतलं कोटिंग वेगळं, आज लिहिलेलं पुढे वाचलं जाईलच असं नाही. आणि ते निरुपयोगी ड्राइव्ह फेकू नका, ग्रीझवीझल नावाचा छोटा बोर्ड येतो, त्याला पीसीचा ड्राइव्ह काही न कापता आहे तसा चालतो आणि अमिगाच्या डिस्कचा बॅकअप निघतो. माझी चळत आता तिथे कामाला लागलीय.