आंबापोळी पोचली, फणसपोळी नाही

गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी मी मेलबर्नला निघाले तेव्हा लेकीला सातवा सरून आठवा लागत होता. पहिलंच बाळंतपण. तिला डोहाळे लागले होते ते फणसपोळीचे. तिकडे दुकानात काय काय मिळतं, चकली मिळते, लाडू मिळतात, अगदी अळूवडीचे डबेसुद्धा मिळतात, पण फणसपोळी नाही.

आम्ही वेंगुर्ल्याच्या बाजूचे. वाडीत कोणी परदेशी निघालं की आठवडाभर आधीपासून घरात पिशव्या यायला लागतात. जावेने घरचे कुळीथ आणि कुळथाचं पीठ आणलं, भावजयीने पेढे, मामेसासूने सुक्या खोबऱ्याच्या वाट्या. शेजारच्या आजीने स्वतः घातलेली फणसपोळी केळीच्या सुक्या पानात गुंडाळून, वर वर्तमानपत्र लावून दिली. म्हणाली, "थंय काय एक गावाचा नाय, घेवन जा." अशा मायेला नाही म्हणता येत नाही, आणि म्हणूही नये.

खोबऱ्याच्या वाट्या मात्र मी घरीच ठेवल्या. भाचा विमानतळावर नोकरीला आहे, त्याने आधीच बजावलं होतं. २०२२ साली आपल्याकडे सुकं खोबरं चेक-इन बॅगेत न्यायला बंदी घातली. कारण खरं आहे: सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर, ते कोंडलेल्या जागी आपोआप तापत जातं आणि पेट घेऊ शकतं. विमानाच्या मालवाहतुकीत त्याची गणना धोकादायक वस्तूंत होते. आपल्या कोकणातल्या माणसांच्या बॅगेत हमखास असणारी वस्तू हीच, म्हणून मुद्दाम सांगते.

आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, बाटलीही चेक-इनमध्येच. हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरच्या वर कुठलाही पातळ पदार्थ चालत नाही, आणि लोणचं, तूप हेसुद्धा पातळच धरतात. आगळ एकदा सांडलं की डाग जन्मभर जात नाही. पहिल्या खेपेला लेकीची नवी कोरी पैठणी त्यात गेली, त्याचं मला अजून वाईट वाटतं. आता बाटली काठोकाठ भरत नाही, झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा घालून घट्ट पिळते, वर चिकटपट्टी, मग दोन पिशव्या, आणि मग जुन्या टॉवेलात.

विमान उतरायच्या आधी एक कार्ड भरायला देतात. त्यात विचारलेलं असतं की तुमच्याकडे खाण्याचं काही आहे का, मांस, मासे, दुधाचे पदार्थ, फळं; पुढे धान्य, बिया, सुका मेवा. शेजारच्या सीटवरचे गृहस्थ म्हणाले, "वहिनी, नाही लिहा आणि मोकळ्या व्हा, उगाच तासभर जाईल." मी "हो" लिहिलं. जिथे जिथे विचारलं तिथे "हो". ऑस्ट्रेलियात न सांगता खाणं नेलं आणि सापडलं तर दंड होतोच, शिवाय २०१९ पासून पाहुण्याचा व्हिसासुद्धा रद्द होऊ शकतो. न्यूझीलंडमध्ये जागच्या जागी ४०० डॉलर घेतात. अमेरिकेत दंड १०,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. पण "हो" लिहून वस्तू पुढे ठेवली, तर जास्तीत जास्त काय होईल, ती वस्तू ठेवून घेतील. मला लेकीच्या बाळंतपणाला जायचं होतं. आठशे रुपयांच्या खाण्यासाठी ते पणाला लावायचं?

तर विमानतळावरचं ते सामान तपासायचं टेबल. स्टीलचं, लांब. हातमोजे घातलेली अधिकारी बाई, माझ्या लेकीच्याच वयाची. मी सगळं स्वतःच काढून मांडलं.

आंबापोळी आमच्या बचत गटाची. रस आटवून, साखर घालून ताटात पातळ ओतायचा, वर मलमलीचं फडकं, कडक ऊन. एक थर सुकला की त्यावर दुसरा. बोटाने दाबल्यावर ठसा उठला पण बोटाला काही लागलं नाही की समजायचं झाली. पाकिटाला मशीनने सील मारलेलं, त्यावर इंग्रजीत पदार्थाचं नाव, आंब्याचा रस आणि साखर एवढेच दोन घटक, तयार केल्याची तारीख, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, १४ आकडी क्रमांक. तिने पाकीट उलटंपालटं केलं, वाचलं आणि बाजूला ठेवलं. आमसुलं तशीच. त्या पाकिटावर आमच्या गटातल्या मास्तरीणबाईंनी हौसेने कोकमाचं शास्त्रीय नाव छापून घेतलंय, गार्सिनिया इंडिका. बाईने ते पुटपुटत वाचलं, फोनवर शोधलं आणि मान हलवली. भाजलेले काजू, मसाला, कुळथाचं पीठ, सगळं पार झालं, कारण सगळ्यावर काय आहे ते लिहिलेलं होतं.

पेढे मात्र तिने ठेवून घेतले. दुधाचे, आणि आपल्या देशात गुरांना लाळ्या-खुरकत होतो, म्हणून. अख्खे कुळीथही ठेवून घेतले, कारण त्यांना मोड येतो, ते जमिनीत पडले तर रुजतील. दोन्ही मला पटलं. आपल्या बागेत बाहेरून कलम आणलं तर आपणही रोग बघूनच लावतो ना.

मग तिने वर्तमानपत्र उलगडलं. केळीचं सुकं पान, आत तपकिरी, चकचकीत पोळी. वास दरवळला. "हे काय आहे?" मी सांगितलं, फणस. "कोणी बनवलं? आत आणखी काय आहे?" माझं इंग्रजी कामापुरतं, आणि कागदावर काहीच नाही. पान तर झाडाचंच. ती "सॉरी" म्हणाली, मनापासून म्हणाली, आणि पुडी पिवळ्या पिंपात गेली. आजीने तीन दिवस उन्हात राखण केलेली पोळी. त्या पिंपाकडे बघवेना.

बाहेर लेक उभी होती. तिने पहिलं तेच विचारलं.

परत आल्यावर मी गटाच्या बैठकीत हे सगळं सांगितलं. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपण मोठा अभिमान बाळगतो, आणि आपल्याच हातच्या पोळीवर आपण नाव छापत नाही? पातळ पिशवी आणि स्टेपलची पिन, एवढंच आमचं पॅकिंग होतं फणसपोळीचं. आंबापोळीचं गिऱ्हाईक मुंबईचं, म्हणून तिला पाकीट. फणसपोळी घरातली, म्हणून तिला वर्तमानपत्र. हा भेद मला सहन होत नाही. यंदा सील मशीन तिच्यासाठीही चालवलं. लेबल सावंतवाडीहून छापून आणलं, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत. आजीलाच गटात घेतलं, पोळी तिच्याच हातची.

आखाताकडे जाणाऱ्यांना तर मी आता आवर्जून गाठून सांगते: खसखस. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे, ती अफूच्या बोंडातली म्हणून. आपल्या करंजीच्या सारणात ती असते, अनारशावर असते, घरच्या मसाल्यात असते. आईने कौतुकाने दिलेल्या डब्यापायी पोरगा तुरुंगाच्या दारात उभा राहू शकतो. माझा दीर शारजाला आहे, त्याच्यासाठी करंज्या वेगळ्या होतात, तीळ घालून. युरोपात जाणाऱ्यांनी पेढे आणि तूप विसरावं, तिथे दूध-मांस चालत नाही. मासे मात्र २० किलोपर्यंत चालतात, सुकेसुद्धा. सुकट नेणाऱ्याने ती तीन पिशव्यांत बांधावी, सहप्रवाशांचा विचार करून.

या मे महिन्यात वाडीतला एक मुलगा शिकायला मेलबर्नला गेला. त्याच्याकडे चार पाकिटं दिली. कार्डावर काय लिहायचं ते त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. तो उतरला त्या रात्री लेकीचा व्हिडिओ कॉल आला. मांडीवर नातू, हातात पाकीट, सील जसंच्या तसं. आजीला हाक मारून आणलं. तिला स्क्रीनवर आधी काही दिसेना, मग दिसलं, आणि तिने पदराने डोळे पुसले. "फोड गो बाय," ती म्हणाली, "माझ्या देखत फोड."