विंडोजशेजारी लिनक्स मिंट: खरं काम पेनड्राइव्ह लावण्याआधीचं

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि घरोघरच्या धडधाकट लॅपटॉपवर लिनक्स टाकायचा विषय निघू लागला. विंडोज तसंच ठेवून शेजारी मिंट, म्हणजे लिनक्सची एक मोफत आवृत्ती, बसवणं अवघड नाही. चांगल्या एसएसडीवर इन्स्टॉलर अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. घोळ होतो तो विंडोजमधली तयारी न करता पेनड्राइव्ह लावल्यामुळे.

आधी बॅकअप, आणि तोही बाहेरच्या हार्डडिस्कवर. डी ड्राइव्हवर ठेवलेली प्रत बॅकअप नसते, कारण बऱ्याच लॅपटॉपमध्ये सी आणि डी एकाच डिस्कचे दोन तुकडे असतात.

मग बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन. विंडोज ११ होम असलं तरी 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (त्याचंच साधं रूप) चालू असू शकतं, कित्येकदा मालकाला पत्ताही नसतो. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली पाहा. चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा. ग्रबमधून (मिंटसोबत येणारा, चालू करताना मिंट की विंडोज ते विचारणारा बूटलोडर) विंडोज सुरू केलं की बूटची साखळी बदलते, एन्क्रिप्शनची किल्ली सांभाळणाऱ्या टीपीएम चिपला ते कळतं आणि विंडोज की मागू शकतं. ती हाताशी नसेल तर सी ड्राइव्ह उघडत नाही. घरच्या डेस्कटॉपवर एन्क्रिप्शन काढून टाकणं सोपं पडतं. लॅपटॉप घेऊन फिरत असाल तर ते राहू द्या आणि विंडोज बायोसच्या (मदरबोर्डवरचं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) बूट मेनूतून सुरू करा.

'फास्ट स्टार्टअप' मात्र बंदच हवं. ते चालू असताना शटडाउन केलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, कर्नलची, म्हणजे आपल्या गाभ्याची, अवस्था डिस्कवर लिहून झोपतं. मग मिंटमध्ये सी ड्राइव्ह फक्त वाचता येतो. जबरदस्तीने लिहायला गेलात तर फायली खराब होतात. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' इथे ती खूण काढा. विंडोजचं मोठं अपडेट झालं की पुन्हा एकदा तपासा.

जागा मोकळी करायची ती विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून. सी वर राइट क्लिक, 'श्रिंक व्हॉल्यूम'. आकडा एमबीमध्ये द्यायचा असतो, म्हणजे ८० जीबीसाठी ८१९२०. मिंट २० जीबीतही बसतं, पण अपडेट आणि फ्लॅटपॅक (जास्त जागा घेणारी ॲप्सची पॅकेजेस) धरले तर ते लवकर अपुरं पडतं. डिस्कवर १५० जीबी रिकामी असूनही विंडोज १०-१५ जीबीच सोडत असेल, तर पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरायची फाइल), हायबरनेशनची फाइल किंवा सिस्टिम रिस्टोअर मध्ये अडून बसलंय. तिन्ही तात्पुरती बंद करा, रीस्टार्ट करा, श्रिंक करा आणि पुन्हा चालू करा. निघालेली जागा 'अनअलोकेटेड'च राहू द्या, तिचा नवा ड्राइव्ह करू नका.

पेनड्राइव्ह ८ जीबीचा घ्या. मिंटच्या आयएसओचा (डाउनलोड केलेल्या इन्स्टॉल फाइलचा) एसएचए२५६ ताळा, म्हणजे फाइल बिनचूक उतरल्याची खूण सांगणारा कोड, वेबसाइटवरच्याशी जुळवा, मग रुफस या प्रोग्रॅममध्ये जीपीटी आणि यूईएफआय हे पर्याय निवडून ती पेनड्राइव्हवर लिहा. बूट मेनूसाठी डेल, लेनोवो, एसरवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, आसुसच्या लॅपटॉपवर एस्केप. लाइव्ह सेशनमध्ये (काहीही न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या मिंटमध्ये) वायफाय, आवाज, टचपॅड आणि झाकण मिटून स्लीप एवढं तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बहुधा इंटेलचं आरएसटी किंवा व्हीएमडी (डिस्क हाताळायची बायोसमधली पद्धत) चालू आहे. ते बायोसमधून थेट बदललंत तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकेल. आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल असं विंडोजच्या एमएसकॉन्फिगमधून ठरवा, बायोसमध्ये त्याजागी एएचसीआय (डिस्कची साधी पद्धत) करा, एकदा सेफ मोडमध्ये जाऊ द्या आणि मग एमएसकॉन्फिगमधली सेफ मोडची खूण काढा.

'इन्स्टॉल अलाँगसाइड' दिसत असेल तर तेच घ्या. हाताने करायचं असेल तर 'समथिंग एल्स'मध्ये मोकळ्या जागेत एकच ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टिम) पार्टिशन, माउंट पॉइंट रूट, म्हणजे '/'. विंडोजचं ईएफआय पार्टिशन (बूटलोडर ठेवायचा छोटा तुकडा) तसंच वापरा, 'फॉरमॅट'ची खूण चुकूनही करू नका, नाहीतर विंडोजचा बूटलोडर त्यातच जाईल. स्वॅपचं (रॅमला पूरक जागेचं) वेगळं पार्टिशन लागत नाही. मशीनमध्ये दोन डिस्क असतील आणि लिनक्स दुसरीवर टाकायचं असेल तर पहिलीची केबल काढून ठेवा. हा इन्स्टॉलर बूटलोडर पहिल्या डिस्कच्या ईएफआयमध्ये टाकतो, तुम्ही दुसरी निवडली तरीही.

सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर बूटवेळी अडवणारी बायोसमधली सोय) चालू ठेवता येतं. एनव्हिडियाचा किंवा वायफायचा ड्रायव्हर टाकताना मिंट पासवर्ड ठरवायला सांगतं. पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येतो, त्यावर १० सेकंदांच्या आत कळ दाबून 'एन्रोल मॉक' (ड्रायव्हरच्या सहीची किल्ली मान्य करणं) निवडायचं आणि तो पासवर्ड द्यायचा. संधी हुकली तर ड्रायव्हर चालत नाही आणि लोक कार्डाला दोष देतात.

विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे गेलं तर घाबरू नका. मदरबोर्डवरची वेळ लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मानतं, विंडोज स्थानिक. मिंटच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल कमांडला सेट-लोकल-आरटीसी १ दिलं की दोघांचं जमतं.

कधी मिंट काढायचं झालं तर आधी बायोसमध्ये 'विंडोज बूट मॅनेजर' बूटच्या यादीत सगळ्यात वर आणा, विंडोज सुरू होतंय हे पाहा, आणि मगच डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचं पार्टिशन पुसा. उलट क्रमाने केलंत तर ग्रब रेस्क्यूचा काळा पडदा समोर येतो.