तुम्ही विचारलेत म्हणून: ती विमाने पुन्हा का?

"इतके होऊनही तू ती विमाने पुन्हा का उडवतोस?" माझ्या तारेला बांधून उडवायच्या छोट्या, इंजिनाच्या विमानांबद्दलचा हा प्रश्न लग्नकार्यात, बारशात, अगदी दहाव्याच्या पंगतीतही मला विचारला गेला आहे. विचारणाऱ्यांना काय झाले ते ठाऊक असते, म्हणून प्रश्नाला धार असते, आणि मी आजवर दर वेळी वेगळे उत्तर देऊन सुटका करून घेतली आहे. "मन शांत होते" असे कधी सांगितले, तर कधी "लहानपण परत मिळते" असे. ही दोन्ही उत्तरे मी आज मागे घेतो.

काही जणांना वाटते की वैमानिक व्हायचे राहून गेले म्हणून मी हे करतो. तसे नाही, मला वैमानिक व्हायचे कधीच नव्हते. काही जण याला खेळणे म्हणतात. आल्फोन्स पेनो या फ्रेंच संशोधकाने १८७१ साली पॅरिसच्या बागेत पिळलेल्या रबरावर चालणारे छोटे विमान अकरा सेकंद उडवून दाखवले होते, तेव्हा माणसाला घेऊन उडणारे इंजिनाचे विमान अस्तित्वातही नव्हते. राईट बंधूंच्या वडिलांनी १८७८ साली मुलांसाठी आणलेले रबरावर उडणारे खेळणेही पेनोच्याच रचनेवर बेतलेले होते. त्यामुळे खेळणे म्हणायचे असेल तर म्हणावे, पण ते हलक्या आवाजात म्हणू नये, एवढीच माझी विनंती आहे.

माझी विमाने तारेवरची आहेत. अमेरिकेतील जिम वॉकर यांनी १९४०च्या सुमारास ही पद्धत लोकप्रिय केली. उडवणारा मध्यभागी उभा राहतो, त्याच्या हातात हँडल असते, हँडलपासून विमानापर्यंत पोलादाच्या दोन बारीक तारा जातात आणि विमान त्याच्याभोवती गोल फिरत राहते. पंखाच्या मध्यावर बेलक्रँक नावाची एक पट्टी बसवलेली असते. हँडल वर-खाली झुकवले की तारांनी ती फिरते आणि शेपटीतील एलिव्हेटर, म्हणजे विमानाला वर-खाली वळवणारी हलती फळी, हलवते. माझ्या तारा सोळा मीटरच्या, विमान सातशे ग्रॅमचे, वेग ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास. म्हणजे साडेचार सेकंदांत एक फेरी, आणि हाताला सुमारे दोन किलोची सतत ओढ. ही ओढ मला वाचून किंवा ऐकून कळली नसती. विमान पस्तीस हातांवर असते, आणि तरी ते काय करते आहे हे डोळ्यांच्या आधी मनगटाला कळते.

मे १९८४. मी अठरा वर्षांचा होतो. पुण्यात एनसीसीच्या हवाई शाखेत हे सारे शिकलो होतो आणि सुट्टीत साताऱ्याला घरी आलो होतो. अडीच सीसीचे डिझेल इंजिन, बाल्सा या अगदी हलक्या लाकडाच्या पट्ट्या, त्यांवर ताणून चिकटवलेला पातळ कागद आणि त्यावर डोपचे, म्हणजे कागद ताठ करणाऱ्या रोगणाचे, चार हात. इंधन मी घरीच मिसळत असे: इथर, रॉकेल आणि एरंडेल, जवळजवळ सारख्या प्रमाणात. त्या वासामुळे आई माझे कपडे वेगळे धूत असे. अकरा वर्षांचा मामेभाऊ सुट्टीला आमच्याकडे होता. विमान सोडायच्या वेळी ते धरून ठेवायचे काम त्याचे होते आणि ते तो फार मन लावून करी.

दोन दिवस आधी विमान जोरात आदळले होते आणि बेलक्रँक जिच्यावर बसते ती प्लायवूडची चकती पंखात सैल झाली होती. मी पंखाचा कागद कापला, गोंद भरला, कपड्यांचे चिमटे लावून तो दाबला आणि वरून नवा कागद चढवला. गोंदाला वाळायला रात्र द्यायला हवी होती. पण मामेभाऊ दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने जाणार होता, म्हणून मी त्याच संध्याकाळी मैदानावर गेलो. आमच्या प्रशिक्षकांनी एक नियम घोटून घेतला होता: उडवण्यापूर्वी हँडलला ताणकाटा, म्हणजे ओढ किलोत दाखवणारा स्प्रिंगचा काटा, लावून विमानाच्या वजनाच्या दहापट ओढून पाहायचे. सात किलो. ताणकाटा माझ्या ट्रंकेत होता, ट्रंक सहा पावलांवर होती, आणि अजिंक्यताऱ्यामागे उजेड उतरत चालला होता. मी ट्रंक उघडली नाही.

त्याने विमान सोडले आणि सांगितल्याप्रमाणे फक्कीच्या रेघेबाहेर जाऊन उभा राहिला. पहिल्या दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसऱ्या फेरीत हातातली ओढ एकाएकी नाहीशी झाली. आवाज तोच होता, विमान समोर दिसत होते, आणि तारा मात्र गवतावर पडत होत्या. बेलक्रँक चकतीसकट पंख फाडून बाहेर आली होती. वर्तुळातून सुटलेले विमान सरळ रेषेत जाते. त्या रेषेवर तो उभा होता. त्याने तोंडासमोर उजवा हात धरला म्हणून चेहरा वाचला. विमानाच्या नाकावरच्या पंख्याचे पाते हातात घुसले. मी अंगातला शर्ट काढून त्याच्या हाताला गुंडाळला, त्याला सायकलच्या नळीवर बसवले आणि रुग्णालय गाठले. तो रडत नव्हता, फक्त "शर्टाला वास येतोय" असे दोनदा म्हणाला. नऊ टाके पडले. त्याची करंगळी आणि अनामिका आजही पूर्ण सरळ होत नाहीत.

पुढे अनेक वर्षे मी असे सांगत आलो की त्याने हट्ट धरला म्हणून मी त्या संध्याकाळी गेलो. त्याने हट्ट धरला नव्हता. तो गेल्यावर पाहायला कोणी उरणार नव्हते आणि मला ते कोणीतरी पाहायला हवे होते. हे मी पहिल्यांदाच लिहितो आहे.

पंचवीस वर्षे मी हँडलला हात लावला नाही. २००९ साली आईच्या पश्चात माळा आवरताना तेच इंजिन सापडले. एरंडेलाने ते घट्ट चिकटले होते. रॉकेलमध्ये दोन दिवस भिजवल्यावर पंखा फिरला, आणि त्या हिवाळ्यात मी नवे विमान बांधले. भाचा म्हणतो, हवेतच राहायचे तर अडीचशे ग्रॅमच्या आतला ड्रोन घ्या, रिमोटच्या काठ्या सोडल्या तरी तो आपला आपण जागेवर थांबतो, कुणाला लागणार नाही. त्याचे म्हणणे बरोबर आहे. पण जे माझ्याशिवाय थांबू शकते ते माझ्या हाताला काही सांगत नाही. माझ्या विमानाला वेग कमी करायची सोय नाही. एकदा सोडले की टाकीतले इंधन संपेपर्यंत मला मध्यभागी उभे राहून फिरत राहावे लागते आणि हँडल खाली ठेवता येत नाही.

याला कोणी स्मरणरंजन म्हटले की मला राग येतो, कारण जे स्मरते ते रंजक नाही. मग हे प्रायश्चित्त आहे का? तसे म्हणावे, तर मला त्यात आनंद होतो हे लपवावे लागेल, आणि आनंद होतो. तो होऊ नये असे मला काही रात्री वाटते. रविवारी सकाळी वाटत नाही.

आता ताणकाटा हँडलच्याच पिशवीत असतो. प्रत्येक उड्डाणापूर्वी, दिवसात सहा वेळा उडवले तर सहाही वेळा, मी सात किलोंपर्यंत ओढून पाहतो आणि चकतीवर बोट ठेवून ती हलते का ते बघतो. मामेभाऊ साताऱ्याला आला की मैदानापर्यंत येतो. डाव्या हाताने थर्मास धरून फाटकापाशी, स्कूटरच्या पलीकडे उभा राहतो. तारा तिथवर पोहोचणे शक्य नाही, हे त्याला ठाऊक आहे. इंजिन बंद पडले की तो चहा ओततो. तो का येतो हे मी त्याला विचारलेले नाही, आणि आत ये असेही आजवर म्हणालो नाही.