स्ट्रॅटच्या तारा बदलताना

मुंबईच्या पावसाळ्यात गिटारच्या तारांचं काही खरं नसतं. माझ्या स्ट्रॅटच्या, म्हणजे स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या, बारीक तीन तारांवर गंज चढला, बोट सरकवलं की खरखर लागायला लागली, तेव्हा धोबी तलावला जाऊन नवा सेट आणला. जाडी ०.००९ ते ०.०४२ इंच, म्हणजे आपल्या भाषेत ‘नाइन्स’. अकूस्टिकच्या ब्राँझच्या तारा इथे चालत नाहीत. पिकअपला (तारेची थरथर टिपणाऱ्या चुंबकी भागाला) चुंबकाने ओढली जाणारी तार लागते, म्हणून निकेलचा मुलामा दिलेलं पोलाद.

माझ्या गिटारला तरंगता ट्रेमोलो आहे, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो ब्रिज दांड्याने हलवून सूर वरखाली करता येतो. ब्रिजला पुढून तारा ओढतात, मागून स्प्रिंगा. सगळ्या तारा एकदम उतरवल्या की स्प्रिंगा जिंकतात आणि ब्रिज लाकडावर आपटून बसतो. मग एक तार सुरात आणावी तर आधीच्या उतरतात. म्हणून एक काढायची, एक लावायची. फ्रेटबोर्ड (तारा जिथे बोटांनी दाबतात ती पट्टी) नीट पुसता येत नाही हे खरं, पण त्याच्या मॅपलच्या लाकडावर लॅकर असल्याने कोरडं फडकं पुरतं.

जुनी तार आधी सैल करायची, मगच कापायची. नवी मागून, ब्रिजच्या ठोकळ्यातून वर येते. (मागचं झाकण मी कधीचंच काढून ठेवलंय. बरेच जण तसंच करतात.) माझ्या खुंट्या जुन्या पद्धतीच्या, मधे खाच असलेल्या. त्यांत तार आधी कापावी लागते: आपल्या खुंटीच्या पुढे साधारण ५ सेंटिमीटर सोडून. टोक खुंटीच्या भोकात उभं खुपसायचं, खाचेत वाकवायचं आणि वेढे वरून खाली घ्यायचे. टोक आत गडप होत असल्याने बोटाला टोचत नाही. मला तर तार चिमटून धरणाऱ्या नव्या लॉकिंग खुंट्यांपेक्षा ह्याच आवडतात.

खरा वेळ जातो तो त्यानंतर. नवी तार सुरात लावली की बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे फ्रेटबोर्डवरची धातूची आडवी पट्टी) हलकेच उचलून ताणायची. सूर उतरतो, परत चढवायचा. उतरणं थांबेपर्यंत हेच. ‘जी’ (तिसरी तार) सर्वांत हट्टी, ती नटमध्ये (खुंट्यांकडच्या खाचांच्या पट्टीत) अडकून टक्‌कन सुटते. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासल्यावर वळणावर आली.

गेज (तारांची जाडी) तेच ठेवल्यामुळे इंटोनेशनला, म्हणजे सगळ्या फ्रेटवर सूर बरोबर लागण्याच्या जुळणीला, हात लावावा लागला नाही. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून निघणारा स्वर) आणि दाबलेला स्वर ट्यूनरवर जुळले. ‘टेन्स’ (थोड्या जाड तारा) लावून बघायची इच्छा आहे, पण ताण वाढून ब्रिज उचलला जाणार, मग स्प्रिंगा ताणणारे मागचे दोन स्क्रू आवळत बसायचं. तूर्तास नाइन्सच.